सायलेन्सर काढलेली गाडी

पाडव्याच्या पहाटे पाचला महानंदानं दार वाजवलं,
'ऊठ, कस्तुरी धुवायची हाय. मी म्होरं जातो.'
आमच्या बहिणी 'जातो' म्हणतात,
हे मी अडीच वर्षांत विसरलो होतो.
अंगात अजून लेवार्डनचं घड्याळ. तिथं रात्रीचा दीड.

पंचगंगेत गुडघाभर पाणी.
काथ्यानं घासताना म्हशीच्या पाठीतून वाफ निघते
हेही विसरलो होतो.
मी सांगत राहिलो, न विचारता:
तिकडं दोनशे चाळीस गायी,
गळ्यात पट्टा, पट्ट्यात चिप,
मनात आलं की आपल्या आपण यंत्राशी येतात.
लाल उजेडाची रेघ सड शोधते,
चार पेले बरोब्बर लागतात.
कुणी कुणाला हाक मारत नाही.
बिघडलं, तरच मला फोन.

महानंदानं शेपूट पिळली.
'आन् पान्हा कसा सोडत्यात?'
'मशिनीत पेंड मिळते.'
'म्हंजे लाच.'

मग शिंगांना हिंगूळ, मोरपिसं, कवड्यांची माळ,
पायात चाळ.
पाठीवर तिनं आदल्या रात्री केस कातरून लिहिलेलं,
नाद न्हाय करायचा
आणि खाली, जागा संपत आली तिथं, बारीक
'वीरभद्र'.
भद्र पोटाकडं घसरलेला.
तिकडं मला नुसतं वीर म्हणतात, तेही 'फीर'.
त्यांच्या भाषेत चार.

सागरमाळावर ही गर्दी. शिट्ट्या, गुलाल, हलगी.
आप्पांचा गुडघा श्रावणात बदलला.
मी तो व्हिडिओवर पाहिला, पैसे पाठवले,
डॉक्टरांशी इंग्रजीत बोललो.
आता आप्पा खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी,
आणि त्यांची राजदूत माझ्याकडं.
सायलेन्सर काढलेली. किक मारली की सगळा माळ दचकतो.

नियम साधा आहे:
गाडी पुढं पळते, म्हैस मागं.
दावं नाही, काठी नाही.

मी गाडी सोडली. हाक मारली, 'कस्तुरेऽऽ'
शंभर फुटांवर मागं वळून पाहिलं.
ती उभी.
रवंथ करत, मोरपीस एका डोळ्यावर,
जशी बँकेतली बाई उभी असते जेवणाच्या सुट्टीत.
गर्दीतनं कुणीतरी ओरडलं,
'पासपोर्ट दाखव रे तिला!'
माळ हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
रजेवर असलो तरी तो तिकडचं कळवतो:
क्रमांक ६१. अठरा तास झाले. दुधाला आलेली नाही.

आप्पा उठले. काठी महानंदाकडं दिली.
'डॉक्टर काय म्हणालं ते मला ठावं हाय,' म्हणाले, 'तू गप चालव.'
ऑपरेशनचा पाय हातानं उचलून पलीकडं टाकला,
माझ्या खांद्याला धरलं.
तंबाखूचा आणि मलमाचा वास.
आणि मग माझ्या कानाच्या मागून
ती हाक निघाली, जिच्यात नाव नसतंच,
नुसता 'हुर्र' आणि एक लांब 'ये'.

मला मागं बघता येईना, हँडल हातात.
फक्त चाळ ऐकू आले, आधी सुटे,
मग एकात एक.
उजव्या आरशात शिंगं, हिंगूळ, धूळ,
आरशावर लिहिलेलं असतं
वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे.
आप्पा कुणाला बोलावत होते कोण जाणे.
मी आपला गिअर वाढवला.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर
महानंदा धार काढत होती, मी पेला धरून.
फेस मिशीला लागला.
माझं विमान रविवारचं.
पाठीवरची अक्षरं संक्रांतीपर्यंत बुजतील, ती म्हणाली,
हिच्या अंगावर केस लई लौकर येत्यात.